देशोदेशीचे जुने टोमॅटो नाशिकच्या गच्चीवर: चव आणि तग यांची तुलना कशी करावी

नाशिकमध्ये टोमॅटोचा तुटवडा कधीच नसतो. हंगामात पिंपळगाव बसवंतला आणि गिरणाऱ्याला वीस-वीस किलोच्या कॅरेटांच्या थप्प्या लागतात. पण तो टोमॅटो प्रवासासाठी निवडलेला असतो. साल जाड, फळ टणक आणि तोडणी नुसता रंग फुटला की लगेच. गुजरातपर्यंत न दबता जाणं हे त्याचं काम, आणि ते तो चोख करतो. चवीचं काम त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

म्हणून हल्ली गच्चीवर, अंगणात, बंगल्याच्या मागच्या पट्टीत लोक जुने पारंपरिक वाण लावू लागले आहेत. चेरोकी पर्पल, ब्लॅक क्रिम, ब्रँडीवाइन अशी नावं ऐकून पाकिटं आणतात. चार महिन्यांनी कुणी म्हणतं ‘अमृत’, कुणी म्हणतं ‘पैसे पाण्यात’. दोघांचंही खरं असू शकतं. एकाने जूनमध्ये लावलेलं असतं, दुसऱ्याने ऑक्टोबरमध्ये. एकाच्या कुंडीत शेणखत ओतप्रोत, दुसऱ्याच्या नुसती काळी माती. अशा गप्पांवरून वाण निवडू नका. सगळे वाण एकाच दिवशी, एकाच मातीत, आपल्या ओळखीच्या देशी टोमॅटोच्या शेजारी लावा आणि नाव न कळू देता चाखा. हा लेख तेवढ्यासाठीच आहे.

१. आधी मोजपट्टी ठरवा

परदेशी वाण लावण्याआधी दोन जागा आपल्याकडच्या टोमॅटोसाठी राखून ठेवा. पहिली गावरानसाठी: चपटा, खाचा पडलेला, आंबट, पातळ सालीचा. आठवडे बाजारात खेड्यावरून आलेल्या बाईच्या पाटीत तो अजून दिसतो. पिकलेली दोन फळं घेतली की बी झालं. दुसरी जागा पुसा रुबीला किंवा अर्का विकासला द्या. पुसा रुबी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा, अर्का विकास बंगळूरच्या बागवानी संशोधन संस्थेचा. दोन्ही सरळ वाण आहेत, संकरित नाहीत, बी स्वस्त आहे आणि आपल्या हवेत तग धरतात.

हे दोन नसतील तर पाहुण्या वाणांचे आकडे हवेत लटकतात. ‘ब्लॅक क्रिमच्या झाडाला दीड किलो निघाले’ यावरून काहीच कळत नाही. शेजारच्या पुसा रुबीला त्याच मातीत, त्याच पाण्यावर किती निघाले, ते कळलं तर काहीतरी कळलं.

२. वाण मोजकेच घ्या

पहिल्या वर्षी चार पाहुणे पुरे. प्रत्येकाची निदान तीन झाडं लावा. एकाच झाडावरून वाण पारखू नका, कारण ते झाड उंदराने कुरतडलं की तुमचं वर्ष गेलं. चार पाहुणे आणि दोन घरचे म्हणजे अठरा झाडं. एवढी जागा नसेल तर वाण कमी करा, झाडं कमी करू नका.

निवडताना प्रकार वेगवेगळे घ्या:

- गडद, मोठ्या फळाचा एक: चेरोकी पर्पल (अमेरिकेतल्या टेनेसीकडचा) किंवा ब्लॅक क्रिम (क्रिमियाचा). दोन्ही एकदम घेऊ नका. पहिल्या वर्षी तुम्हाला त्यांच्यातला फरक कळणार नाही.
- रस्स्याचा एक: सॅन मारझानो. इटलीतल्या नेपल्सजवळचा, लांबट, गर जास्त, पाणी कमी.
- लहान फळाचा एक: ब्लॅक चेरी. यलो पेअर दिसायला फार गोड, पिवळे इवलेसे पेरू लटकल्यासारखे, पण माझ्या मते तो फोटोसाठीच लावावा.
- हौसेचा एक: ग्रीन झेब्रा किंवा ब्रँडीवाइन.

ग्रीन झेब्राला अनेक जण जुना वाण समजतात. तो अमेरिकेत टॉम वॅगनर यांनी तयार करून १९८३ मध्ये बाजारात आणला. पण तो सरळ वाण आहे, बी धरता येतं, आणि आपल्या कामाला तेवढं पुरतं. ब्रँडीवाइनची पानं बटाट्याच्या पानांसारखी असतात. रोपं लहान असतानाच हे दिसतं, त्यामुळे पाकिटात दुसरंच बी आलं असेल तर लगेच लक्षात येतं.

३. बी आणि कागदपत्रं

पाकीट हातात घेतल्यावर चार गोष्टी वाचा: ‘एफ१’ लिहिलंय का, उगवणशक्ती किती टक्के, चाचणीची तारीख आणि वापरण्याची मुदत. एफ१ लिहिलं असेल तर ते संकरित. पाकिटावर ‘पारंपरिक’ अशी कितीही मोठी अक्षरं असोत, त्याचं बी पुढच्या वर्षी तसंच उगवणार नाही. निळे टोमॅटो, इंद्रधनुष्यी टोमॅटो अशी चित्रं असलेली पाकिटं दुकानात तशीच राहू द्या. गुलाबी किंवा हिरवा रंग चढवलेल्या बियांना बुरशीनाशक लावलेलं असतं. ती हाताळल्यावर हात धुवा आणि पोरांपासून लांब ठेवा.

आणखी एक मोह आवरायचा. अमेरिकेतला भाचा सुट्टीत येतोय, त्याला बॅगेतून चार पाकिटं आणायला सांगू, असं मनात येतं. वनस्पती संगरोध आदेश, २००३ नुसार बाहेरून बी आणायला आयात परवाना आणि त्या देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. टोमॅटोचे काही विषाणू बियांवर बसूनच प्रवास करतात, आणि आपल्या शहराभोवती टोमॅटोवर पोट असलेले तालुके आहेत. भारतात वाढवलेलं सरळ वाणांचं बी विकणारे आता पुष्कळ आहेत, त्यांच्याकडूनच घ्या. बिल जपून ठेवा. पाकीटही टाकू नका, त्यावरचा लॉट नंबर तक्रारीच्या वेळी उपयोगी पडतो.

जमिनीत लावणार असाल तर माती तपासणीचा अहवालही हवा. गोवर्धनजवळ मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे चौकशी करा. कुंड्यांसाठी त्याची गरज नाही.

४. सामान

- ९८ किंवा १०४ कप्प्यांचा रोपांचा ट्रे, कोकोपीट
- १५ × १५ इंची ग्रो बॅग. ब्रँडीवाइनसाठी १८ × १८
- पोयट्याची माती, गांडूळखत, निंबोळी पेंड, ट्रायकोडर्मा पावडर
- सहा फुटी बांबू, सुतळी
- पिवळे चिकट सापळे, निमतेल
- न पुसला जाणारा मार्कर आणि पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या पट्ट्या
- स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा
- वही
- ब्रिक्स मीटर, म्हणजे रसाची गोडी मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर

ब्रिक्स मीटर विकत घ्यायची घाई करू नका. नाशिकमध्ये राहण्याचा हा एक फायदा आहे: तुमच्या ओळखीत द्राक्षबागायतदार नाही, असं होणं अवघड. त्याच्याकडे हातात धरायचं रिफ्रॅक्टोमीटर असतंच, आणि ऐन छाटणीत तो ते वापरत नाही. जानेवारीनंतर मात्र मागायला जाऊ नका.

लेबलसाठी शाईचं पेन वापरलंत तर पहिल्याच पावसात नाव गेलं. कुंडीवर एक पट्टी आणि वहीत गच्चीचा नकाशा, असं दोन्हीकडे लिहा. नकाशा जास्त महत्त्वाचा, कारण पट्ट्या खार काढून नेते.

५. वेळ: सगळं इथेच जिंकतं किंवा हरतं

परदेशी लेखांत ‘शेवटच्या हिमतुषाराच्या आठ आठवडे आधी पेरा’ अशी गणितं असतात. ती विसरा. आपल्याकडे तीन गोष्टी सांभाळायच्या: पाऊस, डिसेंबर-जानेवारीची थंडी आणि मार्चनंतरचं ऊन.

टोमॅटोचं फूल नाजूक असतं. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर गेलं, किंवा रात्री फार उबदार राहिल्या, की परागकण निकामी होऊन फूलगळ होते. रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास आला तरी तेच, आणि जे फळ धरतं ते वेडंवाकडं होतं, बुडाला शिवण घातल्यासारखे व्रण येतात. मोठ्या फळाच्या जुन्या वाणांत हे जास्त दिसतं. थंडीत निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा रोज पेपरात येतो. शहरात तेवढी थंडी नसते, पण मखमलाबाद, गंगापूर भागात मोकळ्यावर बाग असेल तर तो आकडा वाचत चला.

उन्हाचा दुसरा परिणाम रंगावर होतो. ३० अंशांच्या वर लाल रंगद्रव्य, म्हणजे लायकोपीन, नीट तयार होत नाही. एप्रिलमध्ये पिकलेला टोमॅटो नारिंगीच राहतो. ‘चेरोकी पर्पल जांभळा झालाच नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा एप्रिलचीच असते.

मग करायचं काय? मी वापरतो ते गणित सोपं आहे. गणपती बसले की बी पेरायचं, घट बसले की रोपं लावायची. भाद्रपद चतुर्थी ते आश्विन प्रतिपदा हे अंतर साधारण २६-२७ दिवसांचं, आणि टोमॅटोचं रोप लावणीला तयार व्हायलाही २५ ते ३० दिवसच लागतात. पावसाचा जोर तोवर ओसरलेला असतो. नोव्हेंबरात फुलं लागतात, कडाक्याच्या थंडीआधी फळ धरतं, आणि संक्रांतीच्या आगेमागे चाखणीला सगळे वाण एकत्र मिळतात. अधिक आश्विन आला की हे बिघडतं, २०२० मध्ये तसं झालं होतं. गणपती सप्टेंबरच्या मध्यावर येत असतील तर ब्रँडीवाइनसारखे उशिराचे वाण दोन आठवडे आधी पेरा, पण मग त्यांच्याबरोबर पुसा रुबीचीही एक कुंडी पेरा, नाहीतर तुलना तिथेच मोडते.

शेतकरी तर जून-जुलैतच लावतात, मग आपण का नाही? त्यांचे संकरित वाण बऱ्याच रोगांना तोंड देणारे असतात, वर फवारणीचं वेळापत्रक असतं. ओल्या हवेत जुने वाण करप्याने आठवड्यात झोपतात. पावसाळी तुलना केलीत तर ती चवीची होणार नाही, नुसती कोण किती दिवस जगला याची होईल.

६. रोपं आणि लावणी

बी अर्धा सेंटीमीटर खोल, एका कप्प्यात एक. पाच ते आठ दिवसांत उगवतं. ट्रे सावलीत ठेवू नका, रोपं लांबडी होतात. सकाळचं ऊन द्या आणि वरून बारीक जाळी टाका. पांढरी माशी रोपाच्या वयातच विषाणू देऊन जाते आणि तो दिसतो महिन्याने.

कुंडीची माती: एक भाग पोयटा, एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत, वर मूठभर निंबोळी पेंड आणि चमचाभर ट्रायकोडर्मा. शेतातली काळी माती कुंडीत एकटी भरू नका. जमिनीत ती सोनं, कुंडीत तिचा दगड होतो, आणि पाणी कडेने वाहून जातं. सगळं मिश्रण ताडपत्रीवर एकदमच कालवा आणि मग पिशव्या भरा. दर वेळी थोडं थोडं कालवलं की प्रत्येक कुंडी वेगळी होते.

लावताना रोप खालच्या पानांपर्यंत खोल गाडा. टोमॅटोच्या खोडाला मुळं फुटतात, झाड भक्कम होतं. लावणी संध्याकाळी करा.

कुंड्या मांडताना एका वाणाच्या तिन्ही कुंड्या शेजारी ठेवू नका. पश्चिमेच्या भिंतीजवळ दुपारी भट्टी तापते, टाकीच्या सावलीत गारवा असतो. एक झाड भिंतीकडे, एक मधे, एक टाकीकडे असं प्रत्येक वाणाचं वाटप करा. चिठ्ठ्या टाकून जागा ठरवल्या तर उत्तम, कारण आवडत्या वाणाला चांगली जागा देण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. आणि हो, भरलेल्या, भिजलेल्या अठरा पिशव्यांचं वजन बरंच असतं. जुन्या इमारतीत त्या खांब-तुळईच्या रेषेवर, कठड्याच्या कडेने ठेवा आणि सोसायटीला आधी सांगा.

७. बांधणी, पाणी, खत

जुने वाण बहुतेक वेलीसारखे वाढतच राहतात. सहा फुटी बांबू लावणीच्या दिवशीच रोवा. नंतर रोवलात तर मुळं तुटतात. बगलफुटी, म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यातले कोंब, काढा, पण सगळ्यांच्या सारख्याच: दोन फांद्या ठेवायच्या ठरल्या तर सगळीकडे दोन. पुसा रुबी आणि अर्का विकास पसरतात, त्यांना फार छाटू नका, आणि वहीत तसं लिहून ठेवा.

पाणी हा तुलनेतला छुपा खेळाडू आहे. पाणी कमी पडलं की फळ लहान राहतं आणि गोडी वाढते. बोअरचं पाणी थोडं खारट असेल तरीही तेच होतं. म्हणून निम्म्या कुंड्यांना नळाचं आणि निम्म्यांना बोअरचं, असं चालणार नाही. ठिबक लावा किंवा मापाने घाला. दोन दिवस कोरडं आणि तिसऱ्या दिवशी बदाबदा असं केलंत तर मोठी फळं तडकतात आणि सॅन मारझानोच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो. तो रोग नाही. पाण्यातल्या चढउतारामुळे फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. अंड्याची टरफलं टाकण्याचा सल्ला सगळे देतात, पण ती कुजून झाडाला मिळायला महिने जातात. पाणी सुधारा, पुढची फळं आपोआप चांगली येतात.

नत्र जास्त झालं की झाड जंगल होतं आणि फूल मागे पडतं. फुलं लागल्यावर पालाश द्या, युरिया घरातच ठेवू नका.

सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान फुलांच्या देठाला हलकी टिचकी मारा. टोमॅटोचा पराग थरथरल्यावरच नीट सुटतो. बंद बाल्कनीत वारा नसतो, तिथे हे रोजचं काम आहे. गच्चीवर निळ्या पट्ट्यांची, जोरात गुणगुणणारी एक रानमाशी येते, ती हेच काम तुमच्याहून चांगलं करते. तिला हाकलू नका.

८. रोग-कीड, थोडक्यात

पानांवर गोल गोल वलयांचे तपकिरी डाग, खालून वर चढणारे, म्हणजे लवकर येणारा करपा. खालची पानं काढा, मातीवर पाचटाचं आच्छादन घाला आणि पानांवर पाणी उडवू नका. ढगाळ, धुक्याच्या दिवसांत काळपट, पाणी सुटल्यासारखे डाग झपाट्याने पसरले तर तो उशिरा येणारा करपा. तिथे मोरचूद-चुन्याचं हलकं बोर्डो मिश्रण कामी येतं, तेही डाग दिसण्याआधी. पानांत पांढऱ्या नागमोडी रेषा असतील तर नागअळी. पान मोठ्या ठिपक्यांनी फुगून वाळत असेल आणि फळाला टाचणीएवढी भोकं असतील तर टुटा, म्हणजे पानं-फळं पोखरणारी अळी. भोकं पडलेली फळं गच्चीबाहेर टाका, खताच्या बादलीत नाही.

शेंड्याची पानं वाटीसारखी वळून झाड खुजं झालं तर तो पर्णगुच्छ विषाणू. त्यावर औषध नाही, झाड उपटा. पण उपटण्याआधी एकदा भोवताली बघा. ऊस किंवा गव्हाच्या शेतात तणनाशक मारलं असेल आणि वारा तुमच्याकडे असेल तर टोमॅटोची पानं अशीच पिळवटतात, कारण टोमॅटोला टू-फोर-डी या तणनाशकाचा थोडा वासही सहन होत नाही. एकाच दिवसात सगळ्या वाणांची नवी पानं वळली तर तो विषाणू नसतो.

तंबाखू मळणाऱ्याने किंवा विडी ओढणाऱ्याने साबणाने हात धुतल्याशिवाय झाडाला हात लावू नये. तंबाखूतला मोझॅक विषाणू हातातून टोमॅटोत जातो. माळीकाकांना हे सांगायला संकोच वाटतो, पण सांगा.

फवारायचं ते सगळ्या झाडांना एकाच दिवशी. कुणाला किती रोग आला हीदेखील तुलनाच आहे.

९. वही

प्रत्येक झाडाची एक ओळ: पेरणी, लावणी, पहिलं फूल, पहिलं पिकलेलं फळ, प्रत्येक तोडणीला फळांची संख्या आणि वजन, तडकलेली किंवा सडकी फळं वेगळी, पहिला रोग कधी दिसला. तोडणी झाली की खाली उतरण्याआधी वजन करा. स्वयंपाकघरात गेलेला टोमॅटो परत काट्यावर येत नाही.

१०. चाखणी

वाण वेगवेगळ्या दिवशी पिकतात, ही अडचण आहे. उपाय असा: फळाला निम्मा रंग आला की तोडा आणि घरात, देठाची बाजू खाली करून ठेवा. पुढे ते सावकाश पिकतं आणि चवीत फार फरक पडत नाही. आठवडाभरात सगळ्या वाणांची दोन-तीन चांगली फळं जमतात. फ्रिजमध्ये अजिबात ठेवू नका. १२ अंशांखाली टोमॅटोतला सुगंध तयार करणारी यंत्रणा मंदावते, आणि बाहेर काढल्यावरही तो वास पूर्ण परत येत नाही. ग्रीन झेब्रा पिकल्यावरही हिरवाच असतो. हिरव्या पट्ट्यांमधली जागा पिवळी झाली आणि बोटाने दाबल्यावर किंचित मऊ लागलं, की तो तयार.

जुन्या वाणांत देठाजवळ हिरवा खांदा राहतो. त्याला कच्चेपणा समजू नका. बाजारी वाणांत पैदासकारांनी सगळीकडून एकसारखं पिकणारं फळ निवडलं, आणि २०१२ मध्ये संशोधकांनी दाखवलं की त्या निवडीत फळातलं हरितद्रव्य वाढवणारं जीएलके२ हे जनुक निकामी झालं होतं. फळात हरितद्रव्य कमी, म्हणून साखरही थोडी कमी. तो कुरूप हिरवा खांदा चवीची खूण आहे.

चाखायला निदान सहा जण बोलवा. घरचे, शेजारचे, एखादं शाळकरी पोर आणि एखादी आजी हवीच, कारण दोघांच्या जिभा उलट्या असतात. मग:

- वाट्यांवर फक्त क्रमांक घाला. कोणत्या क्रमांकाचा कोणता वाण, हे कापणाऱ्यालाच माहीत असावं, आणि त्याने चाखायचं नाही.
- फोडी देठापासून बुडापर्यंत उभ्या कापा, प्रत्येकीत बियांभोवतीचा बुळबुळीत गर आला पाहिजे. आंबटपणा आणि ‘अजून एक खावा’ असं वाटायला लावणारी ती खमंग चव त्या गरातच जास्त असते. सॅलडसाठी गर काढून टाकणारे नेमकी तीच फेकतात.
- आधी मीठ न लावता, मग चिमूटभर मीठ लावून, दोनदा.
- मधे पाण्याचा घोट आणि बिनमिठाचे कुरमुरे.
- प्रत्येकाला वाट्यांचा क्रम वेगळा द्या. पहिली वाटी नेहमी जास्त गुण खाते.
- गडद फळाचा रंगच जिभेला फितवतो. जमलं तर डोळ्यांवर रुमाल बांधा. पोरांना हा भाग सगळ्यात आवडतो.

गुण पाच गोष्टींना, प्रत्येकी पाचपैकी: गोडी, आंबटपणा, वास, गर, साल. बेरीज मात्र करू नका. शेवटी एकच प्रश्न विचारा: ‘पुन्हा कोणती वाटी मागाल?’ त्या उत्तरावर माझा बेरजेपेक्षा जास्त विश्वास आहे. गुण देताना लोक भिडस्त होतात, सगळ्यांना चार देऊन मोकळे.

एका फळाचा रस ब्रिक्स मीटरवर टाकून बघा. आधी शुद्ध पाण्याने शून्य जुळवा. बाजारचा टोमॅटो साधारण ४ ते ५ दाखवतो, चांगला जुना वाण ६ च्या पुढे, चेरी त्याहूनही वर. मीटर देणारा द्राक्षवाला हसेल, त्याची सवय १६-१८ ची. हा आकडा वास आणि आंबटपणा सांगत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. ब्रिक्स जास्त असूनही चाखणीत मागे पडलेले वाण असतात, कारण आंबटपणाशिवाय गोडी मिळमिळीत लागते.

कच्ची चाखणी अर्धीच. आपल्या घरात टोमॅटो शिजतो जास्त. प्रत्येक वाणाचा पाव किलो, सारख्याच पातेल्यात, सारख्याच आचेवर, फक्त मीठ घालून दहा मिनिटं शिजवा. दाटपणा आणि चव लिहा. मग जिंकलेल्या दोघांचं नीट सार करा: जिरं-हिंग-कढीपत्त्याची फोडणी, गूळ मात्र चाखून झाल्यावर. गूळ आधी घातला की सगळे टोमॅटो सारखे.

११. काय दिसतं, काय मानावं

माझ्या गच्चीवरची मतं सांगतो, तुमची वेगळी येऊ शकतात. कच्चं, मीठ लावून खायला गडद वाणांना तोड नाही. वास भरदार, आंबट-गोड तोललेलं. पण फळं कमी, तडकतात लवकर, आणि टिकतात दोन-तीन दिवस. ब्रँडीवाइनची कीर्ती परदेशातली आहे. इथे तो जागा खूप अडवतो आणि हातावर मोजण्याइतकी फळं देतो, नोव्हेंबर साधला तरच. ब्लॅक चेरी नवख्याने डोळे झाकून लावावी. सॅन मारझानो कच्चा खाल तर निराश व्हाल, शिजवलात तर पातेलं पुसून खाल.

आणि गावरान. साराच्या चाखणीत तो बहुतेकदा पहिल्या दोघांत असतो, आणि त्याच्यावर खर्च काहीच नाही. कच्चा खायला तो आंबट लागतो, पण दाण्याचं कूट घातलेल्या कोशिंबिरीत तोच आंबटपणा हवा असतो.

एका वर्षाच्या निकालावर कुठल्याही वाणाला कायमचं बाद करू नका. जानेवारीत सलग ढग राहिले तर सगळ्यांचीच गोडी उतरते. मात्र कोणाला रोग आधी आला आणि कोणाचं फळ धरलंच नाही, हे निकाल दुसऱ्या वर्षी फारसे बदलत नाहीत. त्यांच्यावर विश्वास ठेवा.

१२. बी धरायचं तर

जिंकलेल्या वाणाचं बी धरायचं ठरवलं तर ते आधीच ठरवावं लागतं. टोमॅटो स्वतःच स्वतःचं परागण करतो, पण बटाटापानी आणि काही जुन्या वाणांत स्त्रीकेसर फुलाबाहेर डोकावतं आणि शेजारच्या वाणाचा पराग बसू शकतो. एवढे वाण शेजारी-शेजारी असताना उमलण्याआधीच एका घोसाला जाळीची छोटी पुरचुंडी बांधा, फळ धरलं की काढा आणि त्या देठाला रंगीत दोरा गुंडाळा.

निरोगी झाडाचं, पूर्ण पिकलेलं फळ घ्या. झाडावर विषाणूची शंका असेल तर फळ कितीही गोड असो, बी नको. गर आणि बी काचेच्या ग्लासात काढून दोन-तीन दिवस आंबू द्या, वर पांढरी साय येते. मग पाणी घालून हलवा, जड बी खाली बसतं, वर तरंगेल ते ओतून टाका. स्वच्छ धुऊन स्टीलच्या ताटलीत सावलीत वाळवा. कागदावर वाळवलं तर ते चिकटून बसतं. कागदी पाकिटात भरून, वाणाचं नाव, वर्ष आणि झाडाचा नकाशातला क्रमांक लिहून हवाबंद बरणीत ठेवा. पुढच्या श्रावणात दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उगवण पाहा. सातपेक्षा कमी उगवल्या तर पेरताना एका कप्प्यात दोन-दोन टाका.